पाटीवर न मावलेलं

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. बरोबरीचे ‘कात्री’ म्हणत, हाताखालचे ‘कात्रीसाहेब’ म्हणत, आणि ज्यांच्या बातमीची त्यांनी नुकतीच वाट लावलेली असे ते बातमीदार काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. काम तसं साधं होतं. बातमीदारांनी आणलेला मजकूर पानावर राखलेल्या जागेत बसवायचा. जागा तळहाताएवढी आणि मजकूर चादरीएवढा, हा रोजचाच मामला.

‘आग विझवण्याचे शर्थीचे प्रयत्न युद्धपातळीवर करण्यात येत असल्याचे अधिकाऱ्यांकडून सांगण्यात आले’ असं वाक्य त्यांच्या टेबलावर आलं, की ‘आग विझवणे चालू आहे’ एवढंच होऊन पुढे जाई. बातमीदार तणतणत येई. “साहेब, माझे शर्थीचे प्रयत्न कुठे गेले?”

कात्रीसाहेब चष्म्यावरून बघत. “शर्थ न करता कुणी आग विझवतंय का? विझवत असेल तर ती बातमी आणा. पहिल्या पानावर घेऊ.”

‘दुःखद निधन’ मधला ‘दुःखद’ ते न चुकता काढत. “सुखद निधन झालेला माणूस सापडला की कळवा, मग दोन्ही शब्द वापरू,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते इतकं ठरलेलं होतं, की आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक त्यांच्याबरोबर ते सुरात म्हणत.

नव्यानं लागलेल्या पोरापोरींना ते पहिल्याच आठवड्यात शेजारी बसवून घेत. “वाक्यातल्या एकेका शब्दावर बोट ठेवायचं. बोटाखालचा शब्द झाकून उरलेलं वाचायचं. वाक्य उभं राहिलं, तर तो शब्द म्हणजे फुकट जेवायला आलेला पाहुणा. नमस्कार करून बाहेर काढायचा.” मग ते स्वतः करून दाखवत. त्यांचं बोट ओळीवरून सरकत जाई आणि मागे एक सडसडीत, ताठ वाक्य उभं राही. पोरं बघत राहत. त्यात काही खोटं नव्हतं. त्यांच्या हाताखालून गेलेली बातमी रस्त्यावर उभ्या उभ्या वाचणाऱ्यालाही एका नजरेत कळे, आणि याचा त्यांना मनापासून अभिमान होता.

घरात मात्र कात्रीची धार चालत नसे. तिथे त्यांची बायको होती.

“अहो, ती खालची भेटली होती,” ती सांगायला लागे, “म्हणजे भेटली कसली, मी दूध आणायला निघाले होते. दूध कशाला, तर कालचं नासलं ना, तुम्हाला म्हटलं होतं मी, भांडं नीट धुतलं नव्हतं बहुतेक. तर निघाले, आणि जिन्यात हिचा आवाज...”

“मुद्दा काय?” ते विचारत.

“येतोय हो मुद्दा, वाटेत आहे. तुमच्यासारखी मी मुद्दा खिशात घालून फिरत नाही.”

त्यांना एकच मुलगी. गोल चेहऱ्याची म्हणून आई तिला ठकी म्हणायची, आणि तेच राहिलं. ठकी आठ वर्षांची असताना तिला ताप आला. एका रात्रीत चढला आणि उतरेना. दवाखान्यात हलवावं लागलं. पहिल्या रात्रीपासून बरेच दिवस ती ग्लानीत होती. शेवटी ताप उतरला, रंग परत आला, भूक लागली. घरी आणल्यावर आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, “ठके, कपडे बदल गं.” पोरगी खिडकीत पाठमोरी बसली होती. आईनं पुन्हा हाक मारली. मग हातातला डबा जमिनीवर आपटला. ठकीनं मान वळवली नाही.

कान गेले ते गेलेच. पुष्कळ डॉक्टर झाले, यंत्रं लावून झाली. बोलणं मात्र राहिलं, कारण आठ वर्षांचं पोर बोलायला शिकलेलं असतं. पुढे आवाज सपाट झाला, कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा याचा अंदाज गेला, पण शब्द सगळे होते. ती बोलू शकत होती. तिच्याशी बोलायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न वडिलांनी आपल्या पद्धतीनं सोडवला. ठकीच्या दप्तरात शाळेची लहानशी पाटी होती, लाकडी चौकटीची. ती त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या खणात ठेवली, सोबत पेन्सिल आणि ओला फडका. कागद नको, घरभर होतात. पाटीवर लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. पाटीवर मोठ्या अक्षरात तीन ओळी मावत. चौथीला जागा नाही.

हे त्यांना चांगलं जमलं. इतकं, की कचेरीत वरच्या साहेबानं एकदा विचारलं, “हल्ली तुमची कात्री फारच धारदार झालीय. घरी परजता काय?” कात्रीसाहेब हसले. परजत होतेच.

आईची तऱ्हा वेगळी. ती ठकीच्या समोर बसून, ओठ ठळक हलवत, हातवारे करत बोले, आणि काही वर्षांत ठकी आईचे ओठ असे वाचायला लागली की दुसऱ्या कुणाचे तिला तसे वाचता आले नाहीत. लांबलचक काही असलं तर आईही पाटी घेई. मग ती मुंगीएवढ्या अक्षरात लिही. ओळी खाली संपल्या की पाटी आडवी करून कडेनं लिही, मग उलटी करून वरून लिही, आणि तिथेही जागा संपली की शेवटचे दोन शब्द लाकडी चौकटीवर चढत. ठकी पाटी गरागरा फिरवत वाची आणि मध्येच खो खो हसत सुटे. वडील म्हणत, “हे वाचायचं, की यात दळण दळायचं?”

पण घरात चार माणसं जमली की पाटी वडिलांकडे. मामा यायचा, मामी यायची, शेजारचे यायचे. टेबलाभोवती एकाचं वाक्य दुसरा उचलायचा, दुसऱ्याचं तिसरा तोडायचा, आणि एकदम हास्याचा स्फोट व्हायचा. ठकी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहायची. “काय झालं?” ती विचारायची, सपाट, जरा मोठ्याच आवाजात. वडील हात वर करून ‘थांब’ म्हणायचे, पेन्सिल उचलायचे आणि लिहायचे: ‘मामाने गंमत सांगितली.’

तोवर हसणं संपलेलं असायचं. कुणी पाणी ओतून घेत असायचं, कुणी घड्याळ बघत असायचं. ठकी पाटी वाचायची, मग सगळ्यांचे चेहरे वाचायची, आणि हसायची. उशिरा आणि एकटीच.

“अहो, तासभर बोललो आम्ही दोघी, आणि लिहिलंत काय?” पाहुणे गेल्यावर एकदा बायकोनं त्यांना धरलं. “तर म्हणे ‘खालच्या बाई बऱ्या आहेत’!”

“त्याच तर सांगत होत्या, बऱ्या आहेत म्हणून.”

“ती जिन्यात पाय घसरून बसली, आणि उठायचं सोडून बसल्या जागी हसत सुटली, आणि वरचे काका तिला ओलांडू की नको म्हणून टोपली घेऊन एका पायावर उभे! ते कुठे गेलं?”

“त्यानं काय फरक पडतो? पडून बऱ्या झाल्या ना? मग.”

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं, पाटी ओढून घेतली आणि एका पायावर उभे राहिलेले काका त्यांच्या टोपलीसकट काढून ठकीला दाखवले. ठकीला हसू आवरेना.

ठकी मोठी झाली. दातांचे साचे करणाऱ्या प्रयोगशाळेत तिला काम लागलं. कवळ्या घडवायच्या, दात घासून आकारात आणायचे. यंत्रांचा आवाज असा, की तिथली बाकीची माणसं संध्याकाळी कान चोळत बाहेर पडत. ठकी निवांत. “मी लोकांना बोलायला दात देते,” ती म्हणे, “पण मेली ती सगळी माझ्याशी दात आवळूनच बोलतात.” हात इतका सफाईदार, की अवघड साचे तिच्याच टेबलावर यायचे. लग्नाचं काही जमलं नाही. जमवायचा प्रयत्न झाला तेव्हा समोरच्यांनी पुष्कळ काही सांगितलं, आणि वडिलांनी पाटीवर लिहिलं होतं: ‘नको म्हणाले.’ हे वाक्य मात्र त्यांनी मुलीसमोर ढाल धरावी तसं लिहिलं होतं. कात्रीचा असाही उपयोग होतो, असं त्यांना वाटायचं.

मग बायकोची बोटं सुजायला लागली. सांधे धरले. पाटीवरची मुंगीची अक्षरं आधी मुंगळ्याएवढी झाली, मग थांबली. आता पेन्सिल एकाच हातात होती. आणि त्यानंतर काही वर्षांनी तिची फुप्फुसं बिघडली.

इस्पितळात तिच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. ठकी पलंगाशी येऊन उभी राहिली आणि आईकडे बघतच राहिली. आयुष्यभर ज्या ओठांवरून तिनं जग वाचलं, ते ओठ मुखवट्याखाली होते. नुसती वाफ धरत होती आणि जात होती.

एका दुपारी बायकोला जरा हुशारी वाटली. उशी उंच करून दिली. तिनं ठकीकडे बोट केलं, मग नवऱ्याकडे, मग पिशवीकडे. पिशवीत पाटी होती. ते पाटी घेऊन पलंगाच्या कडेला बसले, ठकी समोरच्या स्टुलावर. बायको बोलू लागली. मुखवट्यातून आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता. ती बोलली, थांबली, दम घेतला, पुन्हा बोलली. मध्ये एकदा ती चक्क हसली, मुखवटा पांढराफटक झाला आणि हळूहळू निवळला. ठकीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. आईच्या डोळ्यांच्या कडा हसताना आवळल्या, तेही तिनं पाहिलं.

शेवटी वडिलांनी पेन्सिल टेकवली आणि पाटी तिच्यापुढे धरली: ‘काळजी करू नकोस. नीट राहा.’

ठकीनं वाचलं. “एवढंच?” ती म्हणाली. आवाज वॉर्डभर गेला. वडिलांनी मान हलवली. एवढंच.

त्यानंतर दोनच दिवसांनी आई गेली.

कचेरीतून फोन आला. पलीकडे त्यांनीच शिकवून तयार केलेली मुलगी होती. “सर, वहिनींची बातमी लावतेय,” ती म्हणाली.  मग हळूच म्हणाली, “सर, ‘दुःखद’... काढू?”

याचं ठरलेलं उत्तर सगळी कचेरी सुरात म्हणत असे. 

“राहू दे,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

महिना गेला. घरात दोन माणसं आणि एक पाटी. ‘भाजी आणली.’ ‘उशीर होईल.’ ‘झोप आता.’ कात्रीसाहेबांच्या नोकरीचं वर्षच उरलं होतं. ते वेळेवर जात, वेळेवर येत, आणि आल्यावर खणातल्या पेन्सिली एका लांबीच्या करून ठेवत.

अशात प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीनं ठकीच्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलं. फोन समोर ठेवायचा आणि माणसानं बोलायचं, की बोललेलं जसंच्या तसं पडद्यावर उमटत जातं. आजवर ठकीला असलं काही ठाऊक नव्हतं, आणि वडिलांना पाटी पुरेशी वाटत होती. पहिले दोन दिवस ती फोन कामाच्या ठिकाणीच वापरत होती. तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि मामी भेटायला आली.

मामी बसली आणि बोलायला लागली. नणंदेची आठवण, तिच्या आजारपणात येता आलं नाही त्याची चुटपुट, स्वतःचे गुडघे, पुन्हा नणंद. कात्रीसाहेब हं हं करत ऐकत होते. ठकी टेबलाशी बसली होती आणि तिचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा होता. मामीचं आवरल्यावर वडिलांनी रिवाजाप्रमाणे पाटी घेतली. लिहिलं: ‘मामीला वाईट वाटतं.’

ठकीनं पाटी वाचली. मग फोन उचलला आणि उठून आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मामी जायला निघाली तेव्हा आली, आणि मामीला अशी मिठी मारली की मामी गांगरली. “अगं, अगं! काय झालं हिला?”

दार लागल्यावर ठकीनं फोन वडिलांच्या हातात दिला. पडदा भरला होता. बोटानं वर सारला तरी संपत नव्हता. ‘...लग्न होऊन आले तेव्हा मला साधा चहा जमत नव्हता गं सासूबाई बघत बसायच्या तर ही माहेरपणाला आली की माझ्या आधी उठायची आणि चहा करून माझ्या हातात द्यायची म्हणायची तू केलास असं सांग आणि मी तसंच सांगायची आणि हे कुणाला माहीत नाही बघ आजवर तुझ्या मामालासुद्धा आणि ते गुडघे मेले नाहीतर मी आले असते ना तिला...’

कात्रीसाहेबांनी वाचलं. हे सगळं त्यांनी आत्ताच कानांनी ऐकलेलं होतं. ऐकता ऐकताच त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवलं होतं, आणि वाक्य उभं राहिलं होतं. मामीला वाईट वाटतं.

“बाबा,” ठकी म्हणाली, “आई त्या दुपारी काय बोलली?”

त्यांनी पाटीकडे हात नेला. तिनं पाटी बाजूला सरकवली.

“ती पुष्कळ वेळ बोलत होती. मी बघत होते ना. ती हसली होती. ‘नीट राहा’ म्हणताना कुणी हसत नाही. मला सगळं हवंय. जसंच्या तसं.”

त्यांनी पाटी पुन्हा ओढली आणि लिहिलं: ‘आठवून सांगतो.’

आठवायला ते कचेरीत बसले, घरी बसले, बागेतल्या बाकावर बसले. आशय ठळक होता. मुलीची काळजी, मुलीवरची माया, निरोप. पण शब्द? शब्द त्यांनी ठेवलेच नव्हते. सवयच नव्हती. इतकी वर्षं आलेल्या शब्दांतून अर्क काढायचा आणि चोथा टाकून द्यायचा, हाच धंदा. आता कुणीतरी चोथा परत मागत होतं.

शेवटी त्यांनी आयुष्यात प्रथमच उलटं काम केलं. अर्कात पाणी घातलं. कोऱ्या कागदावर बायकोच्या बोलण्याचा भरगच्च मजकूर तयार केला. ‘ठके, तू लहान होतीस तेव्हापासून मी तुझ्यासाठी किती जीव टाकला ते तुला माहीत आहे. तुझ्या हातांना देवानं कसब दिलं आहे. बाबांना सांभाळ. मी नसले तरी माझी माया तुझ्या पाठीशी आहे.’ असं सगळं, दोन्ही बाजूंनी. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले, त्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं.

ठकीनं कागद टेबलावर पसरला आणि वाचायला लागली. वाचताना तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. एका शब्दावर ठेवी, मग पुढच्यावर. वडिलांच्या लक्षात यायला वेळ लागला, की हे बोट आपलं आहे. लहानपणी कधीतरी तिनं ते बघून ठेवलं असणार.

“आईनं कधी एक तरी वाक्य पुरं केलं होतं का?” ती म्हणाली. “इथली सगळी पुरी आहेत.” तिनं कागद त्यांच्याकडे वळवला. “ही आई नाही. हे तुम्ही आहात, बाबा.”

 ठकीनं फोन आणला, तांब्याला टेकवून त्यांच्यासमोर उभा केला. “लिहू नका,” ती म्हणाली. “बोला. जेवढं आहे तेवढं.”

बोलायचं त्यांच्या अंगवळणी नव्हतं. घसा साफ केला. फोननं तेही काहीतरी म्हणून नोंदवलं.

“तुझी आई... त्या दिवशी तुझ्या तापाचं बोलत होती. ताप यायच्या आदल्या संध्याकाळचं. तू दारात बसली होतीस म्हणाली. तुझ्या चपलेचा पट्टा तुटला होता. का केस विंचरायचे होते. दोन्ही असेल. आणि ती आत होती. आतून ती तुला काहीतरी म्हणाली. मग तू झोपलीस आणि ताप चढला.” ते थांबले. पडद्यावर अक्षरं उमटून थांबली. ठकीनं वाचून मान वर केली. “म्हणजे ते तुझ्या कानांत गेलेलं शेवटचं बोलणं. ती म्हणाली, तिला ते सांगा. म्हणाली, शेवटचं म्हणून काही शहाणपणाचं बोलायला हवं होतं मी, आणि बोलले काय तर हे. तेव्हा ती हसली.”

ठकीनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. “मी इतकी वर्षं विचार करते,” ती म्हणाली, आणि तिचा सपाट आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता, “की मी शेवटचं काय ऐकलं. मला काही आठवत नाही. मला वाटायचं, शेजारच्यांची मोटारसायकल असेल.” मग ती म्हणाली, “काय म्हणाली होती आई?”

कात्रीसाहेबांचा हात पेन्सिलीकडे गेला.

“बाबा. काय म्हणाली होती?”

“तिनं सांगितलं,” ते म्हणाले. “माझ्यासमोर सांगितलं. मी पेन्सिल धरून बसलो होतो. मी मुद्द्याची वाट बघत होतो.”

अक्षरं उमटली. ठकीनं वाचली.

“तिला दम लागत होता. फार बोलू देऊ नका म्हणून नर्सनं बजावलं होतं. मी तिला म्हटलं, थोडक्यात सांग. पाटीवर मावायला हवं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बरं. काळजी करू नकोस, नीट राहा. ते मी लिहिलं. ते तिचंच आहे, त्यातला शब्द मी बदलला नाही. पण ते तिनं माझ्यासाठी कापलं होतं.”

 ठकीनं वडिलांच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिनं खणातून ओला फडका काढला आणि पाटी पुसली. पाटीवर काही नव्हतंच. तरी पुसली, चौकटीच्या फटीपर्यंत. मग उठून आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामाला गेली. आली, जेवली. भांडणतंटा नाही, रुसवा नाही. वडिलांना वाटलं, एखादा शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. टेबलावर पाटी नव्हती. त्यांनी खण उघडून बघितला, खणातही नव्हती. ती कुठे गेली हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला पाटी लागली असती.

जेवण झाल्यावर त्यांनीच हात पुढे केला, तिचा फोन उचलला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. ठकी ताटं उचलत होती, ती थांबली.

“दूध नासलं होतं,” ते म्हणाले.

ठकीनं ताटं ठेवली आणि पडद्याकडे बघितलं.

“म्हणजे त्या संध्याकाळी नासलं होतं की नाही ते मला माहीत नाही. पण तुझी आई काहीही सांगायची तर दुधापासून सुरू करायची. म्हणून म्हटलं, त्याच रस्त्यानं जाऊन बघावं. रस्त्यात कुठेतरी ते सापडेल. तर दूध नासलं होतं, आणि खालच्या बाई आल्या होत्या, म्हणजे आल्या असतील, त्या वेळी त्या रोज यायच्या, त्यांच्याकडे ते पांढरं मांजर होतं, तू त्याला तुझ्या बाहुलीचा झगा घातला होतास...”

“निळा,” ठकी म्हणाली.

“निळा. तर ते मांजर...”

तेव्हापासून रोज जेवण झालं की ते बोलतात. कचेरीत ‘शर्थीचे प्रयत्न’ अजून कापले जातात, पण घरी ते लांबण लावतात, आडवळणं घेतात, मध्येच एक सोडून दुसरं धरतात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. त्यांना ते नीट जमत नाही. वाक्य मध्येच पुरं होऊन जातं, मग ते घाईनं ‘आणि’ म्हणून पुन्हा उघडतात. ठकी समोर बसून पडद्यावरचा एकेक शब्द वाचते. कधी एखादा तपशील दुरुस्त करते, कधी एकदम हसते, वेळेवर. मांजर येतं, जिना येतो, टोपलीवाले काका येतात, दार येतं, दारात बसलेली पोर येते. चपलेचा पट्टा तुटलेला असतो. पोर तो दातांनी ओढत असते.

“मग?” ठकी विचारते.

“मग तुझी आई आतून म्हणाली,” असं म्हणून ते थांबतात. पडद्यावरची अक्षरंही तिथेच थांबतात. ठकी मान वर करते आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहते.

ते पुन्हा दुधापासून सुरू करतात.